आईच्या बटणाचा सेल

चैत्रातला पहिला रविवार. हजर: आई, वहिनी, तिचा मुलगा मंदार आणि मी. बरखेड्यातल्या विश्वासदादाच्या घरी, त्याच्या तेराव्यानंतर आम्ही पहिल्यांदाच जमलो होतो.

दादा माझा मोठा भाऊ. गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो घरच्या टेबलावर बारीकसारीक यंत्रं जुळवत बसे. आई टी. टी. नगरला माझ्याकडे असते. दिवाळीत ती न्हाणीघरात घसरली, हाका मारत राहिली, आणि मला ऐकूच आलं नाही. तेव्हा दादाने तिच्या गळ्यात घालायचं बटण करायला घेतलं. तिने दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजेल. बटण लवकरच झालं... सेल मात्र ठरेना. "चार्जिंगवाला घाल आणि विषय संपव," मी म्हटलं. तो हसला. "सुमे, तुला यादीत टिक करायची घाई! हे बटण वर्षभर झोपणार आणि एकदाच ओरडणार. चार्जिंगवाला तोवर पडल्या पडल्या उतरलेला असेल. हा चपटा बघ, वर्षानुवर्षं टिकतो. पण ओरडायला एकदम ताकद लागते, नेमका तेव्हाच त्याने दम तोडला तर?" मग कधी देणार, विचारलं तर म्हणे, "टेन्शन नको घेऊ यार. जरा ऊन तापू दे, त्यातही बघतो."

त्याने एका पाटीवर खाचा करून निरनिराळे चपटे सेल मांडले होते. रोज प्रत्येकावर बटण दाबून बघायचा. कोणता दमला, कोणता टिकला, ते खाचेखाली खडूने लिहायचा. ऊन तापायच्या आतच, फाल्गुनात एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

तेराव्याला पाहुण्यांसाठी जागा हवी म्हणून वहिनीने टेबल आवरलं. सेल काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवले, पाटी स्वच्छ पुसली. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, वर डब्यावर चिठ्ठीही लावली असती.

त्या रविवारी मंदारने एकेक सेल मीटरला लावला. "आत्या, सगळे सारखेच दाखवतायत." नुसत्या मीटरवर दमलेला सेलही ताजाच दिसतो, काम पडलं की कळतं. "मला वाटलं, संपलेलेच असतील," वहिनी पुटपुटली. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू तरी काय करणार, बाई..." आम्ही सगळे दादाला ‘कधी’ एवढंच विचारत राहिलो. ‘कोणता’ हे कुणी विचारलंच नाही.

मी बाजारातलं तयार बटण आणलं. आईने ते हातातही घेतलं नाही.

"विशूने केलंय ना?"

"केलंय, पण सेल..."

"मग तेच घालीन. तोवर हाक मारीन."

तिची हाक आता खोलीच्या दाराबाहेरही धड येत नाही.

मंदारने नवे सेल आणून पाटी पुन्हा मांडली, माझ्याकडे आणून ठेवली. रोज सकाळी मी प्रत्येकावर बटण दाबते, घंटी वाजते. आतून आई विचारते, "ठरलं का गं?"

अजून नाही ठरलं.