नकार दिलेल्या दारात परत

मंडळी, चितेगावच्या ज्या कंपनीनं मला मागच्या वर्षी घेतलं नव्हतं, तिथंच आज परत मुलाखत देऊन आले.

सकाळी निघताना अप्पा, म्हणजे माझे वडील, चिडले होते. "ज्या घरानं स्थळ नाकारलं, त्यांच्या दारात परत जात नसतेत."

मुलाखतीच्या मॅडमनी मला लगेच ओळखलं. मी ओशाळून म्हणाले, "नाकारलं होतं, तरी आले."

"नाकारलं कुठं? जागा एकच होती, दुसरीला घेतलं."

वर्षभर मी तो नकार समजून कुढत होते. तुमचंही झालंय का कधी असं?

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय म्हणले?"

"कळवतो म्हणले."

"स्थळवाले बी असंच म्हणतेत," असं पुटपुटत अप्पांनी माझा फोन घेतला आणि स्वतःच चार्जिंगला लावला.