माळढोक आणि एडका

रविवारी कॅमेरा घेऊन मी सोलापूरबाहेरच्या माळावर जाई. तिथला एक धनगर मला आपली घोंगडी पांघरवून मेंढरांत बसवी, कारण मेंढरांना माळढोक बुजत नाही. हिवाळाभर पायपीट केल्यावर एकदाचा तो पक्षी जवळ आला. त्या काळी फोटो काचेवर निघत, आणि माझ्याकडं एकच काच उरली होती. इतक्यात धनगरानं आपला लाडका एडका ओढत पुढ्यात आणला, पटका सारखा केला आणि श्वास रोखून उभा राहिला. माळढोक उडाला.

"अहो, पाखरू गेलं की!" मी ओरडलो.

"जाऊ द्या मालक. ते कुणाचं हाय? ह्यो आपला हाय."

मला हसू फुटलं. काढला फोटो. माझी सगळी हरणं, पाखरं फोटोत हललेली आहेत. एडका तेवढा जागचा हललेला नाही, आणि धनगरही.