मामाची झोपायची ट्रॉली

माझ्या धाकट्या मामाइतका रागीट माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्या दोघांची गाठ पडली नाही हे जिल्ह्याचं नशीब. मामाचा राग माणसांपुरता नव्हता. चप्पल चावली की तो तिला घराबाहेर काढी आणि स्वतः अनवाणी हिंडे. पाऊस हुकला की आभाळाकडं पाठ करून जेवायला बसे. "त्याचं तोंड बघायचं न्हाई मला," म्हणे. एकदा सहकारी साखर कारखान्याच्या सभेत उभा राहून त्यानं थेट चेअरमनला विचारलं, "साखरेच्या कारखान्यात चहा फिका कावून हाय?" चेअरमन म्हणाले, "आपण सभासद आहात का?" मामा म्हणाला, "न्हाई. पर चहा पेलोय." सभासद व्हायला शेतात ऊस लागतो, आणि पाटोद्याकडच्या आमच्या माळावर कुसळांशिवाय काही धड येत नव्हतं. मामा ऊस लावणारा नव्हता, तोडणारा होता. दिवाळी सरली की घराला कुलूप लावून बायको-पोरांसह कारखान्यावर जायचा आणि उन्हाळा लागल्यावर तितकाच रागावलेला परत यायचा.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, जोड्या धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. दुष्काळाच्या एका वर्षी मामीनं चुलीपुढं बसून शांतपणे सांगितलं, "आवं, मी कोपीत येणार न्हाई." कोपी म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची खोप. वाकून आत शिरायचं आणि आत गेल्यावरही वाकूनच राहायचं. "सहा-सहा महिने मी लुगडं वाकून नेसते. उभं ऱ्हाता येईल असं घर बघा, न्हाई तर जावा एकले." मामा आधी मामीवर भडकला, मग माझ्यावर, कारण मी समोर होतो, आणि शेवटी योग्य ठिकाणी पोचला. "साखरेच्या पोत्याला पत्र्याचं गोदाम, आन माझ्या लेकरावर पाचट? पोतं रडतंय का थंडीनं?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. आठवला की माझंही डोकं फिरतं.

तर मामानं ठरवलं, घरच चाकावर न्यायचं. झोपायला फळ्या असलेली ट्रॉली घ्यायची. मुकादमाला त्यानं ठणकावलं, "औंदा एक ट्रॉली मी आणतो, तुमी तुमच्या ट्रॅक्टरला जोडा." मुकादम आनंदानं हो म्हणाला. निवड करायला तज्ज्ञ म्हणून मला नेलं, कारण परळीहून हैदराबादला जाताना मी रेल्वेत वरच्या फळीवर झोपलो होतो. खरं म्हणजे झोपलो नव्हतो, पडू या भीतीनं साखळी धरून जागा होतो. पण हे सांगितलं असतं तर तज्ज्ञपण गेलं असतं.

माजलगावात वेल्डिंगवाल्या चाचांच्या आवारात दोन जुन्या ट्रॉल्या होत्या. पहिली रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची. मी ऐटीत वरच्या फळीवर चढलो, पाठ टेकली, आणि उठताना छताला असं कपाळ आपटलं की चाचा म्हणाले, "सावकाश, पत्रा जुना हाय." दुसरी तमाशाच्या फडाची. दोन्ही बाजूंना दोन-दोन फळ्या, आत आरसा, बाहेर रंगवलेले मोर. मामा लाल झाला. "माझी बायको तमाशाच्या गाडीत?" मामी आत गेली, मधोमध ताठ उभी राहिली, हात वर केले. तरी छत उरलं. नाचणाऱ्या बायांना नेसायला लागते म्हणून तेवढी उंची ठेवलेली. "हीच," मामी म्हणाली. चारा नाही म्हणून छावणीत बांधलेली म्हैस देऊन मामानं ती ट्रॉली घेतली. मोर तेवढे घासून काढा म्हणाला, पण पोरं रडली म्हणून मोर राहिले, आणि मामा मोरांवर रागावला.

भाड्याचा ट्रॅक्टर जोडून रात्री कारखान्याच्या तळावर पोचलो. सामान लावून देण्याच्या निमित्तानं मीही गेलो होतो. सकाळी मुकादम आला आणि मोरांकडं बघत राहिला. "मामा, याच्यात ऊस कुठं भरायचा?"

 मामाची ट्रॉली येणार म्हणून मुकादमानं दुसरी बघितलीच नव्हती. ट्रॉली म्हणजे ऊस, हे त्याला सांगावं वाटलं नाही. ट्रॉली म्हणजे घर, हे आम्हाला. मी दाराला लावायच्या पडद्याच्या रंगावर मत दिलं होतं, उसाचा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरला नव्हता. मामा माझ्याकडं वळला. "भाचेबुवा, रेल्वेत ऊस कुठं भरतेत, तेवढं सांगा मुकादमाला." मामी म्हणाली, "डबा खाली उतरवा. खालचा चाकांचा सांगाडा त्यांना द्या, ऊस भरायला." बोल्ट काढले, तळावरच्या सगळ्या गड्यांनी डबा उचलून दगडांवर ठेवला, आणि मामा प्रत्येकाला शिव्या देत सगळ्यात जड कोपऱ्याखाली राहिला.

थंडीच्या दिवसांत मी पुन्हा गेलो तेव्हा मोरांच्या दाराशी बायांची रांग होती. पहाटे तळावरची प्रत्येक बाई आत जाऊन सरळ उभ्यानं लुगडं नेसून बाहेर येत होती. मामा दाराकडं पाठ करून काठी घेऊन उभा होता, कोणी गडी फिरकला तर त्याच्या सात पिढ्या काढायला. तो स्वतः मात्र शेजारच्या पाचटाच्या कोपीत राहत होता. आत मामी आणि पोरं, आणि उरलेल्या फळ्यांवर तळावरच्या दोन बाळंतिणी.

"म्हैस माझी गेली, घर माझं, आन मलाच जागा न्हाई," मामा धुमसत म्हणाला.

मी जरा मोठ्यानं म्हणालो, "मग सांग ना त्यांना, दुसरीकडं जा म्हणून."

मामानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता मार बसतो.

"हळू बोल बे," तो कुजबुजला. "लेकरू आत्ताच झोपलंय."

तेवढ्या हळू आवाजात मामा माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. नंतरची सगळी वर्षं तो ओरडतच राहिला, आणि आता तेही ऐकू येत नाही.