एकाच्या जागी

दुपारची जेवणं आटोपली आहेत, भांडी घासायची राहिली आहेत आणि अनसूयाबाई पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत आहेत. ही झोप म्हणावी तर झोप नाही, कारण नवऱ्याचा श्वास त्यांच्या कानावर येतो आहे आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी लावलेला मिक्सरही ऐकू येतो आहे. जाग म्हणावी तर तीही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांची झोप अशीच चालली आहे, अर्धं लक्ष पलंगावर ठेवून घेतलेली. असल्या झोपेने थकवा जात नाही, नुसता दिवस ढकलला जातो.

पलंगावर सिद्रामअण्णा आहेत. पाटबंधारे खात्यात त्यांचा उभा जन्म धरणाच्या पाण्याची पातळी वाचून फोनवर कळवण्यात गेला. आकडा चुकला तर खालची गावं पाण्यात जातील, म्हणून प्रत्येक आकडा ठासून आणि पुन्हा एकदा सांगायची त्यांची सवय. घरात मीठ किती घालू म्हणून विचारलं तरी अण्णा त्याच आवाजात सांगायचे. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. तोंडात राहिला एकच शब्द, अडीच. पाणी हवंय का? अडीच. दुखतंय का कुठे? अडीच. हा राजू आलाय, तुमचा मुलगा, ओळखलंत का? अडीच. सुरुवातीला भेटायला येणारे पाहुणे तोंड फिरवून हसायचे, अनसूयाबाईही एकदोनदा हसल्या. आता तो शब्द ऐकला की त्यांना डोकं धरून खाली बसावंसं वाटतं.

स्पीच थेरपीच्या केतकी मॅडम येतात. पोर भली आहे, पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवते. तिने अनसूयाबाईंना समजावून सांगितलं होतं की आकडा माणसाच्या डोक्यात दोन तऱ्हांनी राहतो. एक सुटा, ज्याने आपण वस्तू मोजतो. चार भाकरी म्हटलं की चारच भाकरी. आणि दुसरा ओळीत बसलेला, पाठ झालेला, अर्थ कळण्याच्याही आधी जिभेला लागलेला. सुटे आकडे गेले तरी ओळ पुष्कळदा शाबूत असते. तिचं पहिलं टोक हातात दिलं तर पुढची आपोआप उलगडते, आणि ती उलगडली तर आत वाट आहे असं समजायचं. म्हणून रोज अनसूयाबाई अण्णांसमोर बसतात आणि म्हणतात, एक. थांबतात. पुन्हा म्हणतात, एक. अण्णा ओठ घट्ट मिटून घेतात आणि मान भिंतीकडे वळवतात. अनसूयाबाईंना वाटतं, हा हट्ट आहे. मग वाटतं, हट्ट करायला तरी आत कुणी असावं लागतं. मग काहीच वाटेनासं होतं आणि त्या भात लावायला उठतात.

राजू हैदराबादला असतो. त्याने पुण्याजवळच्या एका संस्थेत अण्णांसाठी जागा बघून ठेवली आहे, कायमची. जागा अडवून ठेवत नाहीत म्हणे, आज काय ते सांगायचं आहे आणि त्यासाठी तो संध्याकाळी फोन करणार आहे. मागच्या वेळी आला तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहूनच म्हणाला होता, आई, बाबांना आता काही कळत नाही, तू तरी स्वतःला वाचव. त्याचं चुकलं असं अनसूयाबाई म्हणणार नाहीत. त्यांची कंबर गेली आहे, मनगटं गेली आहेत, आणि रागावायचं त्राणही गेलं आहे. त्यांना हो म्हणायचं आहे, अगदी मनापासून म्हणायचं आहे. फक्त एवढं कळायला हवं आहे की आत माणूस उरलाय की नाही. नसेल तर होकार सोपा आहे. असेल, तर त्याला पत्ता लागू न देता उचलून दुसरीकडे द्यायचं, हे त्यांना गिळवत नाही.

मिक्सर थांबतो.

अनसूयाबाई भांडी घासायला उठतात. कंबर दुखत नाही, याचं त्यांना नवल वाटत नाही. मोरीचं दार लोटतात तर आत मोरी नाही. सारवलेलं खळं आहे, त्यावर शाळू ज्वारीची रास पडली आहे, शेजारी फ्लॅटमधल्या लिफ्टचं जाळीचं दार तसंच उभं आहे आणि राशीपाशी आत्याबाई बसल्या आहेत. आत्याबाई म्हणजे अण्णांच्या आई, अनसूयाबाईंच्या सासूबाई. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली हे अनसूयाबाईंना ठाऊक आहे, पण ते आत्ता काढणं बरं दिसणार नाही असं वाटून त्या गप्प राहतात.

"आलीस व्हय," आत्याबाई वर न बघता म्हणतात. "बस. पोतं धर."

अनसूयाबाई पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरतात. शाळूच्या कुसळाने कोपरापर्यंत खाज सुटते. आत्याबाई धान्य मापायची अधोली राशीत खुपसतात, शिगोशिग भरतात, वरचा ढीग हाताच्या कडेने सारखा करतात. सगळं हळू चाललं आहे. या घरात सासरे मापाडी होते, बाजारात लोकांचं धान्य मापायचे. घरची रास मापायची ती आत्याबाईंनी. अनसूयाबाई सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत वाढलेल्या, त्यांच्याकडे ज्वारी रेशनच्या दुकानातून किलोवर यायची. अधोली त्यांनी पाहिली ती या घरात आल्यावर, आणि पुढे काही वर्षांतच घरोघर वजनकाटे आले.

पहिलं माप पोत्यात पडतं. आपण मदत करतोय हे दिसावं म्हणून अनसूयाबाई म्हणतात, एक.

आत्याबाई धुळीने माखलेला हात त्यांच्या तोंडावर ठेवतात. रागाने नाही, उकळतं दूध उतू जाऊ नये म्हणून झाकण सरकवावं तसा ठेवतात.

"एक न्हाई म्हनायचं. किती बारी सांगितलं तुला."

एकदाच सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, याच खळ्यावर, हीच चूक अनसूयाबाईंनी केली होती आणि चार बायकांत खाली मान घालून बसल्या होत्या. ते त्यांना आत्ता, हाताखालून श्वास घेताना आठवतं.

"पयल्या मापाला लाभ म्हनायचं. मग दोन."

"पण आत्याबाई, माप तर एकच पडलेलं असतं ना?"

"असतंय की. म्हनून काय झालं? त्वांडानं कुनाला एकटं करू न्हाई." त्या हात काढून घेतात. "सिद्राम ल्हान असताना म्हनला हुता एक. ह्यांनी भर बाजारात त्याच्या त्वांडावर हानली. तवापासनं माप धरलं की ओठ मिटून बसायचा, दुसरं कुनी लाभ म्हनंस्तवर."

खळ्याच्या कडेला पाणी आलं आहे. खळं आता धरणाच्या भिंतीवर आहे, भिंतीवर पातळीचे पांढरे आकडे रंगवलेले आहेत आणि पाणी त्यातल्या खालच्या आकड्यांना लागलं आहे. रास तेवढीच. लिफ्टचं दार आता पाण्यात उभं आहे. आत्याबाई पुन्हा पहिल्यापासून अधोली भरतात. माप चालू असताना मापणाऱ्याने आकड्याशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, हेही या घरातलंच वळण. अनसूयाबाईंना मात्र आजच विचारायचं आहे, पुन्हा अशी गाठ पडेल न पडेल.

"आत्याबाई, राजू त्यांना पुण्याला ठेवा म्हणतो. पाठवू का?"

"लाभ," आत्याबाई म्हणतात आणि माप पोत्यात ओततात.

"तिथे नर्सबाया आहेत, व्यायाम करून घेणारे आहेत. माझ्याने आता त्यांना कुशीवर वळवतासुद्धा येत नाही."

"दोन."

"मी वाईट नाही हो. मी सगळं केलं. तुमचंही शेवटी मीच केलं होतं."

"तीन."

"काल त्यांनी अंथरूण खराब केलं तर मी ओरडले त्यांच्यावर. मग बाथरूममध्ये जाऊन बसले. मला वाटलं, आता एकदा सुटले तर बरं. ते की मी, ते सुद्धा मला कळलं नाही."

"चार," आत्याबाई म्हणतात.

अनसूयाबाईंना राग येत नाही. मुलगा एका शब्दात सांग म्हणतो, नवरा एकच शब्द बोलतो आणि मेलेल्या सासूकडे आलं तर ती आकडे ऐकवते. सगळ्या जन्मात दोन शब्द कुणी धड बोललं असतं तर बरं झालं असतं, आणि हे दोन म्हणजे काही मोजून दोन नव्हेत, एवढं तर लहान पोरालाही कळतं. त्या पोतं धरून राहतात. पाणी भिंतीवरचा एकेक आकडा झाकत वर येतं आहे आणि ते कुणाला कळवायचं, हे त्यांना आठवत नाही.

पोतं भरतं. आत्याबाई अधोली पालथी ठेवतात, पदराला हात पुसतात आणि पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडे नीट बघतात.

"लई दमलीयास गं," त्या म्हणतात. "दिसतंय मला."

पाठवही नाही, पाठवू नकोही नाही. एवढंच. पण इतक्या महिन्यांत हे कुणीच म्हणालं नव्हतं. कशा आहात म्हणून सगळ्यांनी विचारलं, हिंमत सोडू नका म्हणून सगळ्यांनी बजावलं. अनसूयाबाईंच्या हातातून पोत्याचं तोंड सुटतं आणि त्या रडायला लागतात. रडण्याच्या आवाजाने त्यांना जाग येते.

खोलीत ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं आहे. अण्णा जागे आहेत, छताकडे बघताहेत. मोरीतून भांड्यांचा वास येतो आहे. अनसूयाबाईंची कंबर पुन्हा जागच्या जागी दुखते आहे आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत आग होते आहे. त्या खाजवतात, मग हात उजेडात धरतात. आतल्या बाजूला लाल पुरळ उठलं आहे आणि बांगडीच्या सांध्यात एक बारीक, पिवळं कुसळ अडकलं आहे. या घरात ज्वारी पिठाच्या पुड्यातून येते. अख्खा दाणा येऊन किती वर्षं झाली, त्यांना सांगता यायचं नाही. त्या कुसळाकडे बघत राहतात, काढत नाहीत.

मग खुर्ची पुढे ओढून त्या अण्णांच्या तोंडासमोर बसतात. नेहमीप्रमाणे अण्णा ओठ मिटतात. अनसूयाबाईंना एकदम धीर होत नाही. लागली नाही ओळ तर हाही दरवाजा बंद झाला, मग संध्याकाळी हो म्हणायला काहीच आडवं येणार नाही. आणि ते त्यांना हवंच होतं, असं त्या स्वतःला सांगून बघतात.

"लाभ," त्या म्हणतात.

अण्णांची मान भिंतीकडे वळायला निघालेली असते, ती थांबते. डोळे छतावरून खाली येतात. मिटलेले ओठ डाव्या बाजूने आधी सुटतात.

"दोन," अण्णा म्हणतात.

आवाज जड आहे, खालून ओढून काढल्यासारखा. पण ठासून म्हटलेला आहे. "तीन. चार." मध्ये थुंकी गळते, अनसूयाबाई पुसत नाहीत, हात हलवला तर ओळ तुटेल अशी भीती वाटते. "पाच. सहा." शाळेत हा माणूस एक म्हणाला असेल, नोकरीत हजारदा म्हणाला असेल, पण त्या सगळ्याच्या खाली बाजारातलं पोर ओठ मिटून, कुणी लाभ म्हणेल म्हणून थांबलेलं होतं. आणि आपण त्याच्या तोंडावर रोज उठून एक मारत होतो. एकोणीसपर्यंत जाऊन अण्णांना धाप लागते. ते थांबतात आणि बायकोकडे बघतात. तिच्याकडेच बघतात, तिच्या पलीकडे नाही.

अनसूयाबाई आता उघड रडताहेत. आनंद आहे, नाही असं नाही, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही येऊन छातीवर बसतं. म्हणजे हा माणूस इथे होता. राजू पायथ्याशी उभा राहून बोलला तेव्हा होता. काल त्या ओरडल्या तेव्हाही होता.

फोन वाजतो. राजू लवकरच करतो आहे, त्याची मीटिंग असावी. काय ठरवलंस, तो विचारतो.

"अजून नाही ठरलं," अनसूयाबाई म्हणतात. "बाबांना विचारून सांगते."

मग राजू समजुतीच्या सुरात, बाबांना काय विचारणार आई, असं काहीसं बोलू लागतो. विचारून सांगते, म्हणून त्या फोन ठेवतात.

कमरेत कळ येते. उद्याही अंथरूण बदलायचं आहे, परवाही. आकड्यांची ओळ लागली म्हणून माणूस उठून बसत नाही, हे त्यांना कळतं. त्या अण्णांचं तोंड पुसतात, उशी सारखी करतात.

"अहो," त्या म्हणतात, "मी फार दमलेय. मला आता एकटीला झेपत नाही. पुण्याजवळ एक जागा आहे, तिथे बघतील तुमचं नीट. जाल का?"

अण्णा अडीच म्हणत नाहीत. मग डावा हात पांघरुणाबाहेर काढून ते तिच्या मनगटापर्यंत आणतात, बांगडीत अडकलेलं कुसळ चिमटीत धरून सोडवतात आणि खळ्यावर फुंकतात तसं फुंकून टाकतात. हात मात्र तिच्या मनगटावरच राहतो. उत्तर अजून आलेलं नाही. अनसूयाबाई थांबल्या आहेत.