नाटकवाल्या आत्याच्या कविता

कोणाच्या आयुष्याबद्दल लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि कवितेतलं मला फारसं कळत नाही. चुकलं तर माफ करावं. पण वाशिमकडच्या मेडशीत आमच्या घरासमोर राहणाऱ्या आत्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

ती सख्खी आत्या नव्हे. नवऱ्यानं टाकल्यावर ती भावाकडे परत आली आणि पुढे वडसाकडच्या एका नाटक कंपनीत लागली. दिवाळी झाली की गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत जायची, होळीनंतर यायची. तिकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. आधी ती नायिका होती म्हणे, मग वहिनी. माझ्या आठवणीत मात्र कायम सासूच. झोप येऊ नये म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरायची सवय तिला तिथेच लागली. भाऊ गावात सांगायचा, "नागपूरले असते, शिवणकाम करते." खरं सगळ्यांना माहीत होतं.

पावसाळ्यात ती आईसोबत शेतात तण निंदायला जाई. सोयाबीनची एक ओळ निंदून होईपर्यंत तिचं एक कडवं तयार होई. कागदावर ती काही उतरवत नसे. मोबाइलमध्ये भरून ठेवू, असं मी म्हटलं तर म्हणाली, "डब्याशी काय बोलू? माणसं समोर बसव, मंग म्हनीन. आन् सासू म्हनून नाही. मी म्हनून."

गेल्या पावसाळ्यात तिचा आवाज बसला तो सुटेचना. वाशिमच्या डॉक्टरांनी गळा पाहून लगेच नागपूरला जायला सांगितलं. "सीझन होऊ दे," एवढंच ती म्हणाली. मला भीती वाटली, की कोणी ऐकायच्या आतच हा आवाज जाईल. म्हणून आमच्या तालुक्याच्या मालेगावातल्या एका गणपती मंडळात असलेल्या मित्राला विचारलं.

"कविता? लोक पळून जातीन ना बे!"

"दहा मिनिटं दे फक्त."

"ॲक्टर हाये म्हनून सांगतो. मंग बसतीन."

त्यानं माइकवर तसंच सांगितलं, झाडीपट्टीच्या नाटकातली सासू म्हणून. आत्या साधी सुती साडी नेसून आली होती, तोंडाला पावडरसुद्धा नव्हती. तिनं आईवरची कविता धरली.

माये, तुह्या पायातला काटा
मी आजूक काढून राह्यली…

इथे तिला रडू आलं. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाय वं, रडते कशी झकास! असलीच वाटते." मागून पोरं ओरडली, "वो काकू, आवाज वाढवा! सासू दाखवा सासू!" शिट्ट्या सुरू झाल्या. मित्रानं माझ्याकडे पाहिलं आणि माइक घेऊन सांगितलं, आता लोकांच्या आग्रहावरून नाटकातला एक प्रवेश.

आत्यानं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि सासू झाली. समोर नसलेल्या सुनेला असं झापलं की सगळा मंडप हसला. वन्स मोअर आला. तिनं पुन्हा केलं. शेवटच्या वाक्याला तिच्या गळ्यातून नुसती हवा आली, तेही लोकांना आवडलं.

एसटीत ती खिडकीजवळ बसली होती.

"सासू जमली ना?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"आत्या, कविता राहून गेली."

"दोन ओळी तं ऐकल्या त्याईनं. तू काहून तोंड पाडतं?"

दिवाळीनंतर ती गेलीच. कंपनीनं नाटकांच्या तारखा घेऊन ठेवल्या होत्या आणि सासूचे संवाद दुसऱ्या कोणाला पाठ नव्हते. होळी झाली, ती आली नाही. भावाला विचारलं तर म्हणे शिवणकाम वाढलं. मी वाशिमला खोलीवर परीक्षेचा अभ्यास करत होतो, तेव्हा आईचा फोन आला.

"तिचं नागपूरले ऑपरेशन झालं रे, गळ्याचं. तिचा भाऊ पाहून आला. जिवानं हाये."

"बोलते का?"



"गळ्याले भोक ठेवलं म्हने, श्वास घ्याले. आता बोलता येनार नाही."