आमच्या उतारावरची कारवी

आमच्या उताराला यंदा जांभळा रंग आला नाही, आणि तो माझ्यामुळे आला नाही.

अकोले तालुक्यातल्या डोंगरात गवताळ उतारांवर कारवीची झुडपं असतात. सात वर्षांतून एकदा फुलतात आणि मरतात. मग त्यांच्या काठ्या तोडून कूड विणायचा, शेणानं लिंपायचा, झाली भिंत. मात्र वाळलेली बोंडं उन्हाळ्याअखेर तडतडून फुटेपर्यंत, बी खाली पडेपर्यंत, कोयता लावायचा नाही, हा गावाचा रिवाज.

मागच्या बहराला फुलं बघायला शहरातली माणसं लोटली आणि मला अक्कल सुचली: पाहुण्यांसाठी कुडाच्या दोन खोल्या बांधू. दिवाळीनंतर झुडपं वाळताच मी कोयता उचलला. वडील दारात आडवे आले.

"तडतड आयकलीस का?"

"मेलेल्या झाडाची कसली वाट बघायची, दादा?"

ते बाजूला झाले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी कुठला शहाणा! आमचा सगळा उतार भादरून काढला.

बोंडांचे शेंडे चुलीसाठी अंगणात रचले होते. मे महिन्यात एका दमट सकाळी ते तडतडू लागले. बी सिमेंटवर उडत होतं आणि वडील उकिडवे बसून एकेक दाणा वेचत होते. वाटीभर झालं, तेव्हा फडक्यात बांधून माझ्याकडे दिलं.

"माझं गुडघं चालत न्हाईत. पावसाच्या आदी वर टाकून ये. लई काम न्हाई."

खोल्यांत पाहुणे होते. उद्या जाऊ, परवा जाऊ करत पुरचुंडी फळीवरच राहिली. पावसाळ्यात आठवण झाली तेव्हा उंदरांनी फडकं कुरतडलं होतं, आत नुसता भुसा. वडिलांनी विचारलं, तर म्हणालो, "टाकलं की."

सात वर्षं ते ओसरीवरून उताराकडे बघत राहिले. गवतात दिसत नसंल, म्हणायचे.

यंदा शेजारचे सगळे उतार फुलले. मधे आमचा तेवढा कोरडा, पिवळट. शेजाऱ्यांचं बी मागून आणीन, टाकीनही. पण ते फुलेल तेव्हा वडील नसतील. ऐंशी उलटलेल्या माणसाला आणखी सात वर्षं कुठून आणायची? मला कशातच अर्थ वाटत नाही.

परवा ते बराच वेळ वर बघत बसले होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बी कच्चं येचलं असंल म्या. नजर चांगली नव्हती तवा. माझंच चुकलं."

मी शेजारीच बसलो होतो. म्हणालो, "असू द्या, दादा."