नऊ मिनिटांचा कॉम्प्युटर

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी डावा डोळा मिटायचे, अंगठ्याचं नख तिच्या कडेवरून एकदा फिरवायचे आणि म्हणायचे, "बसंल की." मग ती वस्तू कुकरची शिट्टी असो, सायकलचं पायडल असो, नाहीतर माझ्या बहिणीच्या दप्तराचं तुटलेलं बक्कल. काका "बसंल" म्हणाले की गल्लीतली माणसं निर्धास्त घरी जायची.

कारखान्यांच्या आसपास राहिला असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची सहा इंची पट्टी असते.

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत आमच्या आणि काकांच्या घरामध्ये एकच भिंत होती. ते लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत ते टूलरूममध्ये होते. वेल्डिंग करताना जॉब, म्हणजे गाडीचा पत्रा, हलू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी पकडून ठेवणारा साचा असतो, त्याला फिक्श्चर म्हणतात. काका फिक्श्चर बनवायचे. "आपलं काम एकच," ते म्हणायचे, "जॉब जागचा हलला न्हाई पायजे."

घरात काकू आणि काकांचे वडील. वडिलांना सगळे आबा म्हणायचे. आबांचं डावं अंग गेलेलं होतं आणि आठवण अधूनमधून येऊन-जाऊन असायची. रोज पहाटे कंपनीच्या बसआधी काका त्यांना उचलून मोरीत न्यायचे, अंघोळ घालायचे आणि दारातल्या खुर्चीत बसवायचे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "आबा, हात द्या. हां. आता उजवा पाय. शाबास." आबा दुसऱ्या कोणाच्या हाती लागत नसत. एकदा माझ्या वडिलांनी मदत केली तर ते इतके ओरडले की पलीकडच्या गल्लीतली माणसं जमली.

मी इंजिनियरिंगला गेलो तेव्हा आमच्या घरातून कॉलेजात जाणारा पहिलाच होतो. शाखा कॉम्प्युटर. हे नाव गल्लीत पसरलं आणि लोक माझ्याकडे मोबाइल, टीव्हीचा डबा, एकदा तर मिक्सरही घेऊन येऊ लागले. खरं सांगायचं तर तोवर मी एकही कॉम्प्युटर उघडून पाहिला नव्हता. आमचं सगळं पुस्तकातलं. पण "मला येत नाही" असं म्हणायला जीभ रेटायची नाही. वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी काय काय सोडलं ते त्या लोकांना ठाऊक होतं.

एका रविवारी काका इंग्रजी कागद घेऊन आले.

"इंजिनियर, हे वाच बरं. हळू वाच."

ते मला इंजिनियरच म्हणायचे. पहिल्या वर्षापासून.

कागदात लिहिलं होतं की टूलरूम गुजरातमधल्या नव्या प्लँटला हलणार आहे. कामगारांनी तिकडे जावं किंवा हिशेब घेऊन मोकळं व्हावं. मात्र ज्यांना कॉम्प्युटरवर फिक्श्चरचं ड्रॉइंग काढता येईल त्यांची दोन महिन्यांनी परीक्षा घेऊन त्यांना डिझाइन विभागात घेतलं जाईल.

"म्हंजी पास झालो तर जायची गरज न्हाई?"

डिझाइन विभाग चाकणलाच होता, काकांच्या शेडच्या वरच्या मजल्यावर. मी म्हणालो, "नाही. इथेच राहाल."

 आमच्या दारातून त्यांचं दार दिसतं. खुर्चीत आबा उन्हात डोळे मिटून बसले होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "शिकीव मला."

कॉम्प्युटर जमवायचं ठरलं. नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर पिंपरीतून आणला. प्रोसेसर तापतो म्हणून त्यावर पंखा लागतो; हा त्याशिवायच मिळाला. पण काकांकडे एक कूलर होता. डिझाइन विभागाने भंगारात काढलेल्या मशीनमधला, गेटपास करून आणलेला. तांब्याचं बूड, वर ॲल्युमिनियमच्या पात्या आणि त्यावर पंखा. काकांनी तो पुसून-पुसून देवघरातल्या समईसारखा केला होता.

मी बोर्डवर धरून पाहिला. भोकं जुळेनात.

"काका, हा जुना आहे. बोर्ड नवीन पद्धतीचा आहे. आपण दुसरा—"

"आण हिकडं." डावा डोळा मिटला. नख फिरलं. व्हर्नियर लावून त्यांनी दोन्हीकडच्या भोकांमधलं अंतर मोजलं. "ह्याचं पंच्याहत्तर. त्याचं अठ्ठ्याहत्तर. तीन मिलिमीटरसाठी एवढी चांगली वस्तू टाकून देतोस व्हय? कंपनीत आमी अर्ध्या मिलिमीटरवर भांडतो आन् तीन मिलिमीटर म्हंजी मैदान हाय." आणि मग अर्थातच, "बसंल की."

पुढच्या रविवारी त्यांनी कूलरला बोर्डवर धरून ठेवणाऱ्या पट्टीची चारही भोकं कानशीने बाहेरच्या बाजूला लांबवली. पट्टी आणि बोर्ड यांच्यामध्ये ठेवायच्या चार छोट्या नळ्या त्यांनी लेथवर काढून आणल्या होत्या. मी व्हिडिओ पाहून आलो होतो आणि त्यातली एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. प्रोसेसरखाली केसासारख्या पिना असतात, त्या वाकल्या की बोर्ड गेला.

"काका, जास्त दाबू नका हं. पिना वाकतील."

"म्हंजी प्रेशर नको?"

"नकोच."

"तरी म्या नळ्या अर्धा मिलिमीटर उंचच काढल्यात," ते म्हणाले. "नवी नवरी हाय. जीवाला जपून."

आम्ही पेस्ट लावली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. पंखा फिरला. काकूंनी बोर्डला हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं तेव्हा मी जवळजवळ किंचाळलो. मग त्यांनी ते बाहेरच्या डब्याला लावलं.

मी काकांना रेघ, वर्तुळ आणि मापं टाकायला शिकवलं. माउस त्यांच्या हातात फार लहान दिसायचा. पहिले काही दिवस ते तो पुढे सरकवताना स्वतःही खुर्चीतून पुढे सरकायचे. पण चित्र काय काढायचं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात आधीच होतं. मग माझी सेमिस्टरची परीक्षा आली आणि मी तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. भिंतीपलीकडून माउसची टिकटिक ऐकू यायची. मला वाटायचं, चाललंय चांगलं.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी गेलो. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारी मनगटी घड्याळ आणि वही. मी बघत असतानाच त्यांनी झटकन फाइल सेव्ह केली, माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवून शांत बसले. काही सेकंदांनी स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला.

"हे काय झालं?"

"काही न्हाई. नऊ मिन्टं झाली." ते उठून आबांना पाणी पाजून आले. "आता वीस मिन्टं गार होऊ द्यायचं. मग पुन्हा नऊ."

वहीत त्यांनी सगळं काम नऊ-नऊ मिनिटांत तोडलं होतं. पहिल्या फेरीत बेस प्लेट. दुसरीत पत्रा जागेवर धरणाऱ्या पिना. तिसरीत क्लँप. प्रत्येक फेरीपुढे किती मिनिटं लागली ते. शेवटच्या पानांवर पूर्ण फिक्श्चर सहा फेऱ्यांत बसवलं होतं.

"काका, कॉम्प्युटर असा बंद पडत नसतो!"

"न्हाई?" ते खरंच चकित झाले. "वेल्डिंग सेट तापला की न्हाई का ट्रिप होत? कॉम्प्रेसर? मला वाटलं ह्येची बी तेवढीच ड्यूटी असंल."

"मला सांगायचं ना!"

"तुझी परीक्षा चालू होती लेका." मग खाली बघत, "आन् मला वाटलं माझ्याच हातून काही तरी बिघडलं. पोराला काय तोंड दाखवायचं."

मला रडू आलं आणि हसूही आलं. आम्ही डबा उघडून कूलर काढला. प्रोसेसरवरची पेस्ट एका कोपऱ्यात दबली होती, बाकी सगळी जशीच्या तशी, जाड. काका वाकून बघत राहिले. टूलरूममध्ये दोन भाग एकमेकांना नीट टेकतात का ते निळा रंग लावून पाहतात. ज्या जागी रंग उमटत नाही तिथे फट असते. त्यांना एका नजरेत कळलं.

"हे तर टेकतच न्हाई," ते म्हणाले. "ह्येनं टेकायला पायजे का?"

"हो. टेकल्याशिवाय उष्णता वर कशी जाणार?"

"मग तू तर म्हनलास प्रेशर नको."

 नंतर शोधल्यावर कळलं की नव्या बोर्डवर प्रोसेसर आधीपेक्षा जरा खालीच बसतो. भोकांमधलं अंतर आम्ही मोजलं, बोर्डपासून प्रोसेसरची उंची मोजायचं सुचलं नाही. त्यात माझी भीती आणि त्यांची माया मिळून अर्धा मिलिमीटर आणखी. हे मी सांगितलं तेव्हा काका मला रागावले नाहीत. स्वतःलाच म्हणाले, "बावीस वर्सं नोकरी केली आन् उंची घ्यायची विसरलो." जेवायचं ताट तसंच ठेवून त्यांनी चारही नळ्या घासायला घेतल्या. एक घासायची, चारही काचेवर उभ्या करायच्या, वर पट्टी ठेवून डुगडुगते का बघायचं. आबा खुर्चीतून विचारत होते, "काय करायलास रं?" आणि काका म्हणत होते, "बुटकं करायलोय, आबा."

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. काकांना मात्र ते सोसेना. नऊ मिनिटं झाली की हात आपोआप मांडीवर जायचे. स्क्रीन चालूच बघून ते ओशाळं हसायचे आणि पुन्हा माउस धरायचे.

परीक्षेत दीड तास होता. काकांचं ड्रॉइंग तासाच्या आत झालं. बरोबरचे तरुण डिप्लोमावाले अजून मापं टाकत होते. साहेबांनी विचारलं, कुठल्या क्लासला जाता? "म्या सांगितलं, घरीच. शेजारी इंजिनियर हाय." हे सांगताना काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

पुढच्या आठवड्यात ते दुसरा कागद घेऊन आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"वाच. मोठ्यानं वाच. काकूला ऐकू जाऊ दे."

मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. आपण उत्तीर्ण झालात याचा आनंद होतो. मग मी थांबलो.

"वाच की."

डिझाइन विभागही टूलरूमबरोबर हलणार होता. उत्तीर्ण झालेल्यांनी महिनाअखेर गुजरातच्या प्लँटला हजर व्हायचं होतं. मी पहिला कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. त्यात जागेचं नाव कुठेही नव्हतं. ते मी घातलं होतं. "इथेच राहाल" हे शब्द कंपनीचे नव्हते, माझे होते.

"काका, चूक माझी..."

"तुझी कशाची? तू लिहिलास का कागद?" त्यांनी पुडा सोडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "खा. पास तर झालोच ना."

मी खाल्ला. 

ते दोन दिवस ऑफिसात चकरा मारून आले. त्यांना राहू द्यावं म्हणून अर्ज मीच लिहिला. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसंच तर आम्हाला तिकडे पाहिजेत. हिशेब घ्यावा तर बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कायमची नोकरी कोण देणार. आबांना न्यावं तर तिथे कंपनीच्या एका खोलीत सहा माणसं, वेगळी खोली परवडणारी नाही. मोरीशी बसून ब्रश करताना काका एकदा मला म्हणाले, "नापास झालो असतो तर बरं झालं असतं का रं?" लगेच त्यांनी चूळ भरली.

एकट्याने गुजरातला जायच्या आधीचे पाच दिवस त्यांनी मला पहाटे बोलावलं. आबांना कसं उचलायचं ते शिकवायला.

"पाठ वाकवायची न्हाई, गुडघ्यात बस. लांबून धरू नको. आधी त्येंचं अंग तुझ्या अंगाला टेकू दे. मधी फट राहिली की त्येंना पडल्यागत वाटतं. मग वरडतात." पहिल्या दिवशी आबा ओरडले. दुसऱ्या दिवशीही. काका मोरीच्या दाराआड उभे राहून नुसते ऐकत होते, पुढे आले नाहीत. चौथ्या दिवशी आबांनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि गप्प राहिले. वळून पाहिलं तर दाराआड काका नव्हते. ते रेल्वेलाइनकडे तोंड करून गल्लीत उभे होते.

आता सहा महिने झाले. माझं शेवटचं वर्ष आहे. कॉलेजातल्या मुलांनी बंगळुरूच्या, हैदराबादच्या नोकऱ्यांचे फॉर्म भरले. मी अजून भरलेला नाही. का, ते घरी कोणी विचारत नाही.

पहाटे मी काकूंच्या दारात जातो. गुडघ्यात बसतो. आबा कधी मला ओळखतात, कधी नाही. पण एक प्रश्न रोजचा.

"पोरगं कुठाय?"

"शिफ्टला गेलेत, आबा."

"कंची?"

"फर्स्ट."

संध्याकाळी त्यांना खुर्चीतून पलंगावर घेताना ते दाराकडे बघतात.

"अजून आला न्हाई?"

"ओव्हरटाइम लागलाय, आबा."

आबा मान हलवतात. कंपनी म्हटली की ओव्हरटाइम आला, हे त्यांना पटतं.

"मग त्येचं ताट झाकून ठेवा," ते म्हणतात.

"ठेवलंय," काकू आतून सांगतात.